बांध ओलांडताना

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेवर, नांदेडपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर आमचे अर्धापूर आहे. हा भाग केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. केळीच्या एका जातीला ‘अर्धापुरी’ हे आमच्या गावाचेच नाव मिळाले आहे. विहिरींचे पाणी, पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आणि काळीभोर जमीन यांच्या कृपेने केळी, ऊस व हळद ही पिके येथे उत्तम येतात. माझे बालपण या बागांच्या सावलीत गेले. सडकेच्या एका अंगाला आमचे घर आणि दुसऱ्या अंगाला आमचे वावर, अशी आमच्या संसाराची मांडणी होती.

आमच्या घरी पूर्वी एक बैलगाडी होती. ती हाकण्याचा मान आबांचा. आबा म्हणजे माझे आजोबा. बाजाराहून परतावयास रात्र झाली, की ते गाडीखाली एक कंदील टांगीत आणि मगच बैलांना इशारा करीत. एकदा मी त्यांना विचारले, “आबा, बैलांना तर वाट तोंडपाठ आहे. मग हा कंदील कशाला?”

आबा हसून म्हणाले, “ह्यो कंदील आपल्यासाठी न्हाई, लेकरा. मागून येणाऱ्यासाठी हाय.”

आपले तेल जाळून परक्या माणसाला उजेड दाखवावयाचा, ही गोष्ट मला मोठी विचित्र वाटली. तिचा अर्थ मला पुढे कळला; परंतु तो कळण्यासाठी दुसऱ्याच कोणाला तरी मोठी किंमत द्यावी लागली.

मी सातवीत होतो, तेव्हाची म्हणजे १९९० सालची ही हकिकत आहे. आमच्या घरी ट्रॅक्टर येऊन वर्ष झाले होते. तो काका चालवीत. मी शाळेतून आलो, की धावत वावरात जाई व ट्रॅक्टरच्या मागेमागे फिरे. काकांचे मन माझ्यासाठी फार मऊ. मी पुष्कळ विनवण्या केल्या, तेव्हा त्यांनी मला वावरात ट्रॅक्टर सरळ नेण्यास शिकविले. त्या दिवसापासून मी स्वतःला मोठा चालक समजू लागलो!

ट्रॅक्टरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याला ब्रेकची दोन पेडले असतात. एक डाव्या मागच्या चाकाचे, दुसरे उजव्या मागच्या चाकाचे. नांगरताना तास संपला, की ट्रॅक्टर थोड्या जागेत वळवावा लागतो. अशा वेळी एकच पेडल दाबले म्हणजे त्या बाजूचे चाक थांबते, दुसरे फिरत राहते आणि तो अवजड ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन वळतो. वावरात हा मोठा गुण आहे. परंतु सडकेवर वेगाने जाताना एकच चाक थांबले, तर तोच गुण घातकी ठरतो. ट्रॅक्टर एकदम एका अंगाला फिरतो, कधी उलटतोही. म्हणून त्या दोन पेडलांना जोडणारी एक लहानशी लोखंडी कडी असते. सडकेवर यावयाचे तर ती कडी लावून दोन्ही पेडले एक करावयाची, असा नियम आहे. बांध ओलांडण्यापूर्वी काका दर वेळी खाली वाकत आणि ‘खट्’ असा आवाज होई. मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. परंतु तो कशाचा, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. बागेत केळीचे घड उतरविण्याचे काम चालू होते. काका मजुरांबरोबर आत गेले आणि ट्रॅक्टर बांधाजवळ उभा राहिला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली नव्हती आणि किल्ली तशीच होती. माझ्या मनात आले, ‘घर तर समोरच आहे. आपणच ट्रॅक्टर दारात नेऊन उभा केला, तर माय केवढे कौतुक करील!’ मी वर चढलो, ट्रॅक्टर सुरू केला आणि बांधावरून थेट सडकेवर आणला. मी थांबलो नाही, उजवीकडे पाहिले नाही, डावीकडे पाहिले नाही. वावरात कोठे कोणाकडे पाहावे लागते?

त्याच वेळी शेजारच्या गावचे शिंपीमामा सायकलवरून अर्धापूरच्या बाजाराला निघाले होते. सायकलच्या मागे शिवलेल्या कपड्यांचे गाठोडे होते. ते एकदम समोर दिसले. मी घाबरून ब्रेक दाबला; परंतु पायाखाली एकच पेडल आले. ट्रॅक्टर थांबण्याऐवजी त्यांच्याच अंगावर वळला. शिंपीमामांनी जिवाच्या आकांताने सायकल खाली घातली आणि ते चारीत कोसळले. ट्रॅक्टर बाभळीच्या खोडाला धडकून बंद पडला. नवी कोरी कपडे चिखलात विखुरली होती. शिंपीमामा डाव्या हाताने उजवे मनगट धरून बसले होते. त्यांच्या तोंडातून अपशब्द निघाला नाही. ते एवढेच म्हणाले, “बाळा, तुला तर लागलं न्हाई ना?”

त्या प्रश्नाने मला जेवढी शिक्षा झाली, तेवढी छडीने खचित झाली नसती.

त्यांच्या मनगटाचे हाड मोडले होते. दवाखान्यात प्लास्टर घातले आणि सहा आठवडे हात हलवावयाचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. शिंप्याचा उजवा हात, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर! वर्षभराची निम्मी कमाई ज्या दिवसांत व्हावयाची, त्याच दिवसांत त्यांचे यंत्र मुके झाले.

घरी आता मार बसणार, अशी माझी खात्री होती. परंतु आबांनी मला मारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ज्वारीचे एक पोते गाडीत टाकले आणि मला शेजारी बसवून ते शिंपीमामांच्या घरी घेऊन गेले. ओसरीवर शिवणयंत्र झाकून ठेवले होते. भिंतीशी कापडाचे तुकडे नीट घड्या करून रचले होते आणि प्रत्येकावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. त्यांत एका चिठ्ठीवर माझेही नाव होते. माझ्या दिवाळीच्या सदऱ्याचे कापड तेथेच पडून होते! शिंपीमामांची मुलगी माझ्याच वयाची. ती दाराआडून माझ्याकडे पाहत होती. मला मान वर करवेना.

परत येताना आबा बराच वेळ बोलले नाहीत. सडकेवर गाडी आली, तेव्हा ते म्हणाले, “वावरात तू एकला असतोस. सडकंवर समद्यांची लेकरं असतात. बांध ओलांडला, की आपलं वागणं बदलाया पायजे.”

काकांनाही त्या दिवशी जेवण गेले नाही. ते मला जवळ घेऊन म्हणाले, “चूक तुझी आहे, पण त्याहून मोठी माझी आहे. मी तुला चालवायला शिकवलं, थांबायला शिकवलं नाही. आणि किल्लीही तशीच ठेवली.” दवाखान्याचा खर्च आमच्या घराने केला. मी सहा आठवडे शाळा सुटल्यावर शिंपीमामांकडे जात असे. सुईत दोरा ओवणे, गुंड्या लावणे, कपडे पोचविणे ही कामे मी केली. शिंपीमामांच्या पत्नी रात्र रात्र यंत्रावर बसत. तरी कित्येक कापडे परत करावी लागली. त्या दिवाळीस मी जुनाच सदरा घातला, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

त्या हिवाळ्यात काकांनी मला एकेक नियम समजावून दिला, आणि प्रत्येक नियमामागे कोणी तरी परका माणूस उभा आहे, हे मला दिसू लागले. सडकेवर येण्यापूर्वी पूर्ण थांबावयाचे, कारण मोठ्या सडकेने जाणाऱ्याचा मार्गावर पहिला हक्क असतो. डाव्या बाजूने जावयाचे, म्हणजे वेगाने जाणाऱ्यास उजवीकडून पुढे जाता येते. मडगार्डवर कोणाला बसवावयाचे नाही, कारण एका हादऱ्यासरशी तो चाकाखाली जाऊ शकतो. ट्रॉलीतील माल बाहेर लोंबू द्यावयाचा नाही आणि ट्रॉलीच्या पाठीवर तांबडे परावर्तक लावावयाचे.

या परावर्तकांचे मला विशेष नवल वाटे. त्यांच्यात तेल नसते, वात नसते. मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश त्यांवर पडला, की तो ते आल्या वाटेने परत पाठवितात. बिघडलेली ट्रॉली रात्री सडकेच्या कडेला उभी असली, तरी ते तांबडे ठिपके जागे राहून ‘येथे कोणी आहे, जपून या’ असे सांगत असतात. आबांचा कंदीलच जणू नव्या रूपाने ट्रॉलीवर आला होता!

येथे थोडे गणित करून पाहा. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहे आणि मागून मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे. दोघांच्या वेगांतील फरक ताशी ६० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. दोघांत १०० मीटर अंतर असेल, तर ते अवघ्या ६ सेकंदांत संपते. अंधारात मोटार चालविणाऱ्याला ट्रॉली दिसली नाही, तर सहा सेकंदांनी काय होईल, हे सांगावयास नको.

आपली वाट सोडून सर्वांच्या वाटेवर येणारे वाहन केवळ आमच्याच गावात असते असे नाही. मोठेपणी मी बर्फावरून धावणाऱ्या गाडीची कथा वाचली. कॅनडातील जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए या कारागिराचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ साली हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, त्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. त्या पित्याने पुढे १९३७ साली बर्फावरून सात माणसांना नेणारी गाडी तयार केली, आणि १९५९ साली एकदोघांना बसण्याजोगी लहान गाडीही विक्रीस आणली. मोकळ्या बर्फात ती वाऱ्यासारखी धावे. परंतु लोक ती गावच्या रस्त्यांवर आणू लागले, तेव्हा तेथील पुष्कळ गावांनाही नियम करावे लागले. रस्ता ओलांडण्यापूर्वी पूर्ण थांबा, दोन्ही बाजूंना पाहा, येणाऱ्यास आधी जाऊ द्या आणि मग काटकोनात सरळ ओलांडा! हे वाचताना मला आमचा बांध आठवला. भूमी निराळी, वाहन निराळे. परंतु नियम आबांनी सांगितला तोच.

आता आमच्या सडकेचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून आणि परवाना मिळाल्यावाचून सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालविता येत नाही. २०१९ साली या कायद्यात आणखी एक कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनाच्या मालकास दोषी धरले जाते. त्यांना तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. काका जे बोलले होते, तेच आता कायदा बोलू लागला आहे. शेतातसुद्धा ट्रॅक्टर हे मुलांचे खेळणे नव्हे, हे मला स्वानुभवाने सांगितले पाहिजे.

आबा गेले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. शिंपीमामांचे हाड जुळले. परंतु थंडीच्या दिवसांत ते मनगट चोळीत बसलेले दिसत, तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव होई. पुढल्या वर्षी माझा सदरा त्यांनीच शिवला आणि शिलाई घेतली नाही. मी त्या सदऱ्याच्या गुंड्या मात्र स्वतः लावल्या.

आज आमच्या घरचा ट्रॅक्टर मी चालवितो. धाकटा पुतण्या कधी कधी किल्ली मागतो. मी ती देत नाही. मात्र त्याला बांधापर्यंत घेऊन जातो, ट्रॅक्टर थांबवितो आणि कडी लावतो. ‘खट्’ असा आवाज होतो.

“काका, हा आवाज कशाचा?” असे त्याने परवा विचारले.

त्याने विचारले, याचाच मला आनंद झाला. मी ट्रॅक्टर बंद केला आणि त्याला शिंपीमामांची गोष्ट सांगू लागलो.