ड्रॅगनची शेपटी आणि मोटारीचा टायर

अमेरिकेच्या आग्नेय भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर एक रस्ता आहे. लांबी ११ मैल, म्हणजे आपले जेमतेम १८ किलोमीटर, आणि तेवढ्यात वळणे ३१८. सरकारी कागदावर त्याचे नाव यू.एस. १२९, लोक त्याला ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणतात, ड्रॅगनची शेपटी. एका बाजूला ग्रेट स्मोकी माउंटन्सचे राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला चेरोकी राष्ट्रीय अरण्य. वाटेत गाव नाही, घर नाही, चहाची टपरी नाही, मध्येच येऊन मिळणारा दुसरा रस्ताही नाही. वेगाची मर्यादा ताशी ३० मैल. टेनेसीच्या हद्दीत ३० फुटांपेक्षा लांब ट्रकांना बंदी आहे, कारण अशा वळणावर लांब ट्रकचा मागचा भाग हमखास समोरच्याच्या बाजूला येतो. आमच्या चिपळूणकरांना कुंभार्ली घाटात रोज जे सोसावे लागते, ते तिथे कायद्याने थांबवले आहे.

या रस्त्यासाठी देशभरातून मोटारसायकलवाले येतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या टोकाला डील्स गॅप नावाची खिंड आहे. तिथे मोटारसायकलवाल्यांसाठी एक मुक्कामाची जागा आहे आणि तिच्या आवारात एक झाड. ज्यांच्या गाड्या या वळणांवर आपटल्या, त्यांचे तुटलेले आरसे, वाकलेले हँडल, फुटलेले पत्रे या झाडाला टांगलेले आहेत. कुणी त्यावर नाव लिहिले आहे, कुणी तारीख. झाडाचे नाव ‘ट्री ऑफ शेम’, शरमेचे झाड. लोक हसत हसत त्याच्यापुढे फोटो काढतात. मला मात्र तिथे हसू आले नाही. त्यातल्या कोणत्या तुकड्याचा मालक पायावर चालत घरी गेला आणि कोणता गेला नाही, हे झाड सांगत नाही.

माझा भाचा नॉक्सव्हिल शहरात राहतो. तिथून हा रस्ता तास-सव्वा तासावर. त्याच्याकडे होंडाची ‘गोल्ड विंग’ आहे, जुनी घेतलेली. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : १९७५ साली पहिली गोल्ड विंग बाजारात आली आणि लांबच्या प्रवासाची मोटारसायकल म्हणजे हीच, असे अमेरिकेत समीकरण झाले. पुढे बरीच वर्षे ती तिथेच, ओहायोमधल्या मेरीसव्हिलच्या कारखान्यात बनत होती. भाच्याच्या गाडीला सहा सिलेंडरचे १८०० सीसी इंजिन आहे. वजन चारशे किलोच्या वर, आपल्या बुलेटच्या दुप्पट. मागे घ्यायला रिव्हर्सची सोय आहे, कारण एवढे धूड पायाने ढकलणे कुणाच्या बापाला जमायचे नाही. मागे बसणाऱ्यासाठी पाठ टेकायला आरामखुर्चीसारखी जागा. त्या जागेवर माझी भाचेसून बसते.

मी पोहोचलो तेव्हा घरात एक वाद आधीच सुरू होता. गाडीचा मागचा टायर संपत आला होता आणि भाच्याच्या मनात तिथे मोटारीचा टायर बसवायचा होता. हो, चारचाकीचा. भाचेसूनेचे म्हणणे, मी त्यावर बसणार नाही. आमचे घराणे टायरचे. वडिलांनी चिपळुणात रिमोल्डिंगचे दुकान घातले, मी ते तीस वर्षे चालवले. त्यामुळे चहाचा कप हातात देतानाच ती म्हणाली, “मामू, आता तुम्हीच याला सांगा. माझे नाही ऐकत.”

प्रकार ऐकायला वेडेपणाचा वाटतो, पण तो एकट्या भाच्याचा नाही. अमेरिकेत गोल्ड विंग आणि तसल्याच वजनदार गाड्या चालवणाऱ्यांचा एक गटच आहे, जो मागच्या चाकाला मोटारीचा टायर लावतो. पुढचा टायर मोटारसायकलचाच ठेवतात. स्वतःला ते ‘डार्कसायडर’ म्हणवतात. ‘स्टार वॉर्स’ सिनेमात जशी काळी बाजू आहे, तसे आम्ही त्या बाजूला गेलो, असा त्यांचा विनोद. हे टवाळ पोरांचे काम नाही. बहुतेक जण पिकल्या केसांचे, २४ तासांत १००० मैल गाडी हाकणारे, वर्षाला हजारो मैल फिरणारे लोक.

त्यांची तक्रार खरी आहे, आणि टायरवाल्याला ती चटकन पटते. तिथले हमरस्ते शेकडो मैल सरळ जातात. मोटारसायकलचा टायर गोल पाठीचा असतो, सरळ रस्त्यावर तो फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो. दहा हजार मैलांच्या आसपास मधली नक्षी सपाट होते आणि दोन्ही बाजूंचे रबर जवळजवळ कोरे राहते. निम्मा माल शिल्लक असताना टायर फेकायचा, नवा दोनशे डॉलरच्या पुढे, बसवण्याची मजुरी वेगळी. मोटारीचा टायर त्याहून स्वस्त आणि तीस हजार मैलांच्या पुढे चालतो, असे ते सांगतात. शिवाय पावसाचे पाणी बाहेर टाकायला त्याला जास्त खाचा असतात, आणि ज्याच्या बाजूच्या भिंती जाड असतात तो रन-फ्लॅट जातीचा टायर हवा गेली तरी लगेच बसत नाही.

भाच्याच्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात. त्यांच्याकडे याच मॉडेलची गाडी, मागे मोटारीचा टायर. माणूस सज्जन. मी टायरवाला आहे कळल्यावर गॅरेजचे शटर वर करून त्यांनी मला खाली वाकायला लावले. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा दाखवला. कंपनीच्या मूळ टायरवर ७४ असतो, म्हणजे तो ३७५ किलो भार पेलतो. यांच्या टायरवर ८७, म्हणजे ५४५ किलो. “सामान, मी आणि माझी बायको. आता सांगा, कोणता टायर जास्त सुरक्षित?” युक्तिवाद तगडा होता. मी एवढेच म्हणालो, की हा आकडा टायर उभा असतानाचा आहे. ते हसले. म्हणाले, “उद्या ड्रॅगनवर चला. मी पुढे राहतो, तुम्ही मागून बघा.”

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आणि आम्ही त्यांच्या मागे भाच्याच्या मोटारीत, असे निघालो. मेरीव्हिल सोडल्यावर वाट डोंगरात शिरते, मग उजव्या हाताला चिल्होवी तलाव लागतो. ही सगळी लिटिल टेनेसी नदीची धरणे, अॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी म्हणून शंभर वर्षांपूर्वी बांधायला सुरुवात झालेली. अल्कोआ हे जवळचे गाव तर त्या कंपनीच्याच नावाचे. त्याआधी हा मुलूख चेरोकी लोकांचा होता. १८३८ साली सैन्य लावून त्यांतल्या बहुतेकांना इथून हाकलले गेले आणि वाटेत हजारो मेले. आज इथले अरण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तलावाकाठी थांबून आम्ही वजू केला आणि जोहरची कसर नमाज अदा केली. तिथे किब्ला ईशान्येला येतो. नकाशा सपाट पाहणाऱ्या माझ्या डोक्याला तो आग्नेयेला असावा असे वाटत होते, पण पृथ्वी गोल आहे आणि जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते. आमचे होईपर्यंत शेजारी गाडीला टेकून शांत उभे राहिले. नंतर भाचेसूनेने दिलेले कबाब आणि चपाती त्यांनी आवडीने खाल्ली.

मग वळणे सुरू झाली. समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला डावा हात खाली सोडून सलाम करत होता आणि आमचे शेजारी तसाच परत करत होते. मी त्यांच्या मागच्या चाकावरून नजर काढली नाही. मोटारसायकल वळताना आडवी होते. गोल टायर तिच्याबरोबर कुशीवर लोळतो आणि जमिनीला तेवढाच चिकटून राहतो. मोटारीचा टायर सपाट असतो, त्याला कूस नाही. डाव्या वळणावर गाडी डावीकडे कलली, की त्या टायरची डावी कड दबायची, बाजूची भिंत फुगायची आणि उजव्या कडेखाली रस्त्याचा उजेड दिसायचा. मग उजवे वळण, की उलट. मऊ भिंतीमुळे बराचसा पट्टा जमिनीला लागून राहत होता हे खरे. डार्कसायडर म्हणतात तसा तो अगदी धारेवर चालत नव्हता. पण हँडल सतत दाबून धरावे लागत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होते. दोन ठिकाणी वळणाच्या मध्येच डांबराला जोड होता, तिथे गाडी क्षणभर आपोआप उभी व्हायला पाहत होती. ताशी ३० मैलांना त्यांनी ती सहज सांभाळली. त्यांचा हात पन्नास वर्षांचा आहे.

डील्स गॅपला उतरल्यावर त्यांनी विचारले, “मग?” मी म्हणालो, “तुम्ही छान चालवता.” तेही समजायचे ते समजले.

माझी खरी अडचण वळणापेक्षा रिमची होती, आणि ती रात्री जेवताना मी भाच्याला सांगितली. दोन्ही टायर १६ इंचीच. पण टायरची जी तारेची कड रिमवर बसते, जिला आपण बीड म्हणतो, तिचा आकार मोटारीच्या टायरला वेगळा आणि मोटारसायकलच्या रिमची खाच वेगळी. एकमेकांसाठी त्या घडवलेल्याच नाहीत. बीड बसेना म्हणून साबण लावून हवा वाढवत जायची, आणि ‘टक’ आवाज आला की बसली म्हणायचे. वाढीव हवेने रिमची रिंग उडून माणसे दगावलेली आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. आपल्या पोरांना ‘पंक्चरवाले’ म्हणून हिणवणाऱ्यांना हे कळायचे नाही, पण हवा भरणाऱ्याचा हात कुठे थांबतो यावर एक जीव अवलंबून असतो.

भाच्याने फोन पुढे केला. “मामू, हे बघा, एक लाख मैल, दोन लाख मैल. कुणाला काही झालेले नाही.” मी म्हणालो, त्यांचे सांगणे खोटे नाही, पण ती साक्ष आहे, चाचणी नव्हे. ज्याला काही झाले तो तिथे लिहायला येत नाही. टायर बनवणारे स्पष्ट सांगतात, मोटारीचा टायर मोटारसायकलला लावू नका. विकणाऱ्याने जास्त विकायला ‘घ्या’ म्हटले तर मी शंका घेईन. तो ‘घेऊ नका’ म्हणतोय, तर थोडे ऐकून घ्यावे.

“अल्लाह मालिक आहे,” तो म्हणाला.

“मालिक आहेच,” भाचेसून स्वयंपाकघरातून म्हणाली. “म्हणून ऊंट मोकळा सोडायचा का?”

मी त्याला वर्षाचा हिशेब मांडायला लावला. त्याचे फिरणे वर्षाला सात-आठ हजार मैल. म्हणजे टायर सव्वा वर्षाला एक. मोटारीच्या टायरने त्याचे वर्षाकाठी फार तर दीड-दोनशे डॉलर वाचले असते. एकटा माणूस स्वतःच्या जिवावर असा जुगार करत असेल तर मी दोन वेळा समजावीन आणि गप्प बसेन. पण मागची जागा अमानत आहे. तिथे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक, आणि घरी दोन मुले शाळेतून येण्याच्या वेळा पाहून यांची सहल ठरते. हे मी बोलून दाखवले नाही, कारण तोवर तो फोन खाली ठेवून पानातली बिर्याणी उगाच चिवडत बसला होता.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. भिंतीवर पाटीच होती, मोटारसायकलच्या रिमवर मोटारीचे टायर बसवून मिळणार नाहीत. भाच्याने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मोटारसायकलचाच टायर मागितला. जुना काढल्यावर मी तो हातात घेऊन पाहिला. मध्ये टेबलासारखा सपाट, बाजूंना नवा कोरा. चिपळूणला असतो तर जीव हळहळला असता.

शेजाऱ्यांना आम्ही लपवले नाही. त्यांनी नव्या टायरवर थाप मारली आणि म्हणाले, गुडघे गेले की मी तीन चाकी करून घेणार आहे. तीन चाकी गाडी वळताना आडवी होत नाही, तिच्या मागच्या दोन चाकांना मोटारीचेच टायर असतात. “मग तुमच्या मामूंना माझ्यात काही खोट काढता येणार नाही.” मी म्हटले, तेव्हा मी स्वतः मागे बसेन.

दुकानदाराने पहिले शंभर मैल जपून चालवायला सांगितले होते. नव्या टायरची पाठ गुळगुळीत असते, ती थोडी घासली गेल्याशिवाय रस्ता धरत नाही. म्हणून त्या रविवारी दोघे ड्रॅगनवर गेले नाहीत. टेलिको प्लेन्सहून चेरोहाला स्कायवे नावाचा रस्ता पाच हजार फुटांवरून डोंगरमाथ्याने जातो, तिथली वळणे लांब आणि सवडीची आहेत; ते तिकडे गेले. मी मुलांना घेऊन घरी थांबलो. असरच्या आधी परतले, भाचेसूनेच्या हातात रानफुलांची एक काडी होती आणि ओढणी वाऱ्याने पार विस्कटली होती.