विकत घेतले, पण कोणाचे?

आपल्याकडे नवे भांडे घरात आले की त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत आहे. पुस्तक घेतले की पहिल्या पानावर नाव, गाव आणि तारीख. आमच्या आजोबांच्या कपाटातील पुस्तके अशीच आहेत. त्यातली काही शेजारी गेली, काही परत आली, काही आलीच नाहीत. पण न आलेल्या पुस्तकासाठी कोणाचे दार ठोठवायचे, हे आजोबांना पक्के ठाऊक असे.

आता आपण पडद्यावरचे ‘विकत घ्या’ हे बटण दाबतो, पूर्ण किंमत मोजतो, आणि घरात काहीच येत नाही. मिळते ती पाहण्याची वा वाचण्याची परवानगी. देणाऱ्याने ती काढून घेतली की संपले.

२००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विक्रीस ठेवली होती त्याला तसा हक्क नव्हता, हे कारण. पैसे परत मिळाले. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे पुस्तकावाचून निरुपयोगी झाली. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा आधी विकलेली पुस्तकेही बंद झाली. किंमत परत केली, आणि ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. वाचकाच्या विचारांना असा ठोक भाव मिळालेला मी प्रथमच ऐकला!

भाड्याच्या वस्तूबद्दल माझी तक्रार नाही. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणली की ती उद्या परत करायची, हे लहान पोरालाही कळत असे. भाड्याला विक्री म्हणणे, हे खटकते. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्याला, आपण फक्त परवाना देतो आहोत, हे स्पष्ट सांगणे भाग पडले. शब्द सरळ झाला. हक्क काही वाढला नाही.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. माझ्या खात्यातले पुस्तक मी कन्नड विभागातल्या मित्राला कायमचे देऊ शकत नाही, की उद्या धाकट्या भावासाठी कपाटात ठेवू शकत नाही. म्हणून मी स्वतःपुरते ठरवले आहे: एकदा पाहून विसरायचे ते खुशाल परवानगीवर पाहावे, दुसऱ्याला द्यावेसे वाटेल ते मात्र हातात धरता येईल असेच घ्यावे.