चाकांवरचे बिऱ्हाड आणि सुरांची गावे

सुट्टीत काय पाहिले ते पालकांनीही लिहावे, असे आपल्या पत्रिकेच्या संपादकांनी सुचवले, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही म्हणजे कोहिनूरच्या एका घरातली सात माणसे : मुलांची आजी, आम्ही दोघे, धाकटा भाऊ, भावजय, सातवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा.

या प्रवासाची कल्पना मूळची आमची नव्हे. आमचे एक आप्त अमेरिकेत असतात. त्यांनी एका उन्हाळ्यात स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर असलेली मोठी मोटार भाड्याने घेतली आणि मुलाबाळांसह संगीताची प्रसिद्ध ठिकाणे पाहिली. मेम्फिस शहरात एल्व्हिस प्रेस्ली या गायकाचे ग्रेसलँड नावाचे घर आहे. ते १९८२ पासून लोकांसाठी खुले आहे. त्याच शहरातली सन स्टुडिओची लहानशी खोली, नॅशव्हिलचे १८९२ मध्ये बांधलेले रायमन सभागृह, न्यू ऑर्लिन्समधला प्रिझर्व्हेशन हॉल, असे सगळे पाहून त्यांनी फोटो पाठवले. फोटो पाहून मुलीने विचारले, "आपल्याकडे अशी ठिकाणे नाहीत का?"

आजी म्हणाल्या, "हुमनाबादपासून सुरू कर की मोजायला."

आम्ही वहीत नावे लिहायला बसलो. माणिकनगर, विजापूर, गदग, कुंदगोळ, हुबळी, धारवाड, मिरज. एक पान भरले. दसऱ्याच्या सुट्टीत, सोयाबीनची काढणी आटोपून, आम्ही ओळखीची क्रूझर जीप ठरवली. न्हाणीघराची मोटार आपल्याला कुठली मिळणार! मागच्या सीटखाली स्टोव्ह, तांदळाची पिशवी, कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणी आणि अंथरुणे ठेवली. मुक्काम मठात किंवा धर्मशाळेत करायचा आणि दुपारचे जेवण झाडाखाली. नऊ दिवसांत हजारेक किलोमीटर झाले.

पहिला थांबा माणिकनगर. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, आपल्याच बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. समाधी १८६५ ची. त्यांनी मराठीत, कानडीत आणि हिंदीत पदे रचली. त्यांच्या संप्रदायाला सकलमत संप्रदाय म्हणतात. इथला दत्तजयंतीचा उत्सव आणि त्यातले गाणे आपल्या भागातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. आजींना प्रभूंची वीस-बावीस पदे पाठ आहेत. त्यांच्या आईकडून त्यांना आलेली. त्यातली काही कानडी आहेत, पण त्या ती आमच्याइतक्याच सहज मराठी पदांच्या रांगेत बसवून म्हणतात. समाधीसमोर त्यांनी दोन पदे म्हटली. दुसऱ्या पदात मध्येच थांबल्या. पुढची ओळ आठवेना. आम्हा कोणालाच ती येत नव्हती, त्यामुळे सांगणार कोण? बाहेर आल्यावर मुलीने दप्तरातली वही काढली आणि म्हणाली, "आजी, आठवेल तेव्हा सांगा. मी लिहून घेते."

तिथून कलबुर्गीला मुक्काम करून विजापूर, म्हणजे आताचे विजयपुरा. गोल घुमटाच्या सज्जात मुलांनी एकमेकांच्या नावाने हाका मारल्या. भिंतीशी कुजबुजलेले पलीकडे ऐकू येते, टाळी वाजवली की अनेकदा परत येते. मुलगा अर्धा तास हलायला तयार नव्हता.

पण आम्हाला पाहायचे होते ते पुढे तोरवीजवळ. इब्राहिम आदिलशाह दुसरा १५८० ते १६२७ गादीवर होता. तो स्वतः गायचा आणि वाजवायचा. त्याच्या तंबोऱ्याचे नाव होते मोतीखान. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' हा गीतांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरस्वतीची स्तुती केली. आपल्या बाजारात जी बोली कानावर पडते, तिचीच ही जुनी बहीण. १५९९ मध्ये त्याने नवरसपूर नावाचे शहरच वसवायला घेतले. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले. आज संगीत महालाच्या कमानी उभ्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे शेळ्या चरत होत्या. मुलाने कमानीखाली उभे राहून एक आरोळी ठोकली. विजापुरात परत आली तशी ती परत आली नाही. "इथे आता कोण गातं?" असे त्याने विचारले. कोणी नाही, असे सांगावे लागले.

विजापूरहून बागलकोटमार्गे गदग. वाटेतल्या पाट्या सगळ्या कानडीत. आपल्या शाळेत मुले कानडी शिकतात त्याचा उपयोग असा झाला, की आजींना गावांची नावे मुलगा वाचून दाखवत होता.

गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम हा आमच्या प्रवासाचा मध्य. पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) अंध होते. त्यांनी अंध आणि गरीब मुलांना गाणे शिकवायला घेतले. आरंभी त्यांची शाळा एका जागी नव्हती, शिष्यांना घेऊन ते गावोगाव हिंडत. नंतर ती गदगला स्थिरावली. त्यांच्यामागे पुट्टराज गवई (१९१४–२०१०) यांनी ती सांभाळली. तेही अंधच. त्यांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले. मुलांना तिथे राहायला, जेवायला आणि शिकायला पैसे पडत नाहीत. बसवराज राजगुरू यांच्यासारखा थोर गवई पंचाक्षरी गवयांच्याच हाताखाली तयार झाला.

सकाळी पोहोचलो तेव्हा एका ओवरीत सात-आठ मुले पेटीवर सरगम घोटत होती. पलीकडे तबला चालला होता. कुणाचे कुणाकडे लक्ष नव्हते, आणि तरी गोंगाट वाटत नव्हता. एका मोठ्या मुलाने पावलांची चाहूल ऐकून विचारले, कुठून आलात? आमच्या मुलीने कानडीत उत्तर दिले. बीदर जिल्हा, माणिकनगरच्या बाजूचे, असे कळल्यावर तो म्हणाला, मग प्रभूंचे एखादे पद म्हणा. आजी संकोचल्या. मग त्यांनी कानडी पद धरले. त्या मुलाने दोन ओळी ऐकून पेटीवर त्यांचा षड्ज शोधला आणि साथ सुरू केली. दुसऱ्याने तबला जवळ ओढला. आजींचा आवाज आता कापतो, पण मागे पेटी आल्यावर त्या सरळ शेवटपर्यंत गेल्या. पद संपल्यावर त्या मुलाने ते पुन्हा म्हणायला लावले आणि तिसऱ्या खेपेला स्वतः म्हणून दाखवले. एवढ्या वेळात त्याचे पाठही झाले होते.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा भाऊ म्हणाला, "आईचं पद गदगच्या पोराला येतं. आपल्याला येत नाही." यावर कोणी काही बोलले नाही.

गदग भीमसेन जोशी यांचेही गाव. जन्म ४ फेब्रुवारी १९२२, याच जिल्ह्यातल्या रोणचा. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गाणे शिकायचे म्हणून अकरा वर्षांचा हा मुलगा १९३३ मध्ये घरातून निघून गेला. खिशात पैसे नसत, आगगाडीत लोकांना गाणे ऐकवत प्रवास करायचा. ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत गुरू शोधत गेला. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले, की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. विद्यार्थी मित्रांनो, सारा हिंदुस्थान पालथा घालून जो गुरू सापडला तो गदगपासून काही तासांच्या अंतरावर, कुंदगोळला होता!

त्या कुंदगोळला आम्ही दुपारी पोहोचलो. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १८८६. मराठी नाटकांतून त्यांनी नाव कमावले. भीमसेन इथे राहून शिकले. पाणी भरण्यापासूनची कामे केली, आणि मग गाणे. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला येत. गुरुजी थोडेच शिकवायचे आणि तेच पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये वारले. पुढच्या वर्षापासून भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या नावाचा उत्सव सुरू केला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांची पुण्यतिथी गाऊन साजरी होत आली आहे. वाडा जुना आहे, पण गाणे झालेल्या जागेला एक वेगळी कळा असते, ती आम्हाला तिथे दिसली.

हुबळीला गंगूबाईंच्या नावाचे गुरुकुल आहे. गुरूंजवळ राहून शिकायची जुनी पद्धत तिथे चालवली जाते. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचे 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपले आहे. मन्सूर मिरजेच्या नीळकंठबुवांकडे शिकले, मग अल्लादिया खाँ यांच्या मुलांकडे. ख्यालाइतक्याच प्रेमाने ते बसवण्णांची आणि अक्कमहादेवींची वचने गात. ती वचने बाराव्या शतकात जिथे घुमली ते कल्याण म्हणजे आपला तालुका. हे मुलांना सांगितले तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण सामान दिलं आणि त्यांनी गायलं." धारवाडचा पेढा खात हा विनोद बराच वेळ पुरला.

इतके सगळे गवई एकाच पट्ट्यात कसे झाले? आम्हाला उमगले ते असे. धारवाड आणि हुबळी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. मराठी नाटक कंपन्या रेल्वेने तिथे येत आणि महिनामहिना मुक्काम ठोकत. म्हैसूर दरबाराच्या बोलावण्यावरून उत्तरेकडचे गवई याच वाटेने जात. अब्दुल करीम खाँ मिरजेहून म्हैसूरकडे जाताना इथे उतरत आणि शिकवत. भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गाणे शिकवायला होते. म्हणजे नुसते येणेजाणे नव्हे, तर येणाऱ्याने थांबून कोणाला तरी शिकवले. शिकणारा कानडी, शिकवणारा मराठी किंवा उर्दू बोलणारा, आणि चीज बहुधा ब्रजभाषेतली. सीमेचा वाद आपण सर्वांनी आपापल्या परीने सोसला आहे. त्याविषयी इथे लिहायचे नाही. एवढेच, की या माणसांनी एकमेकांची भाषा आधी ऐकली.

शेवटचा मोठा मुक्काम मिरज. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते १९३७ मध्ये मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनवर वारले, पण त्यांना आणले मिरजेला. उरुसात दरवर्षी नामवंत कलावंत इथे हजेरी लावतात. मग सतारमेकरांची गल्ली. दीडशेहून अधिक वर्षे इथे सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. एका कारागिराने मुलाच्या हातात वाळलेला भोपळा दिला. एवढा मोठा आणि इतका हलका! तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून त्यांनी जवारी लावून दाखवली. आधी ठक्क वाजणारी तार एकदम गुंजायला लागली. ते म्हणाले, तंबोरा वापरात राहिला पाहिजे. टांगून ठेवला की बिघडतो.

परतीच्या वाटेवर पंढरपूरला विठोबाचे दर्शन घेतले आणि सोलापूरमार्गे घरी आलो. मुलीच्या वहीत तोवर आजींची अकरा पदे उतरली होती. माणिकनगरला अडलेली ओळ मोहोळच्या आसपास आठवली, तीही.

विश्वस्त मंडळींना आमची एक नम्र विनंती आहे. आम्ही पाहिलेल्या ठिकाणांत राजाने बांधलेले शहर ओसाड आहे आणि दोन अंध गुरूंनी चालवलेली शाळा भरलेली आहे. आपल्या शाळेने आठवड्यातून एक तास गाण्याला द्यावा. मोठा गवई नको. गावात भजनी मंडळ आहे, पेटी वाजवणारे आहेत, वचने म्हणणाऱ्या बायका आहेत. त्यांना आळीपाळीने बोलवावे. कानडी पद असले तरी चालेल, मुलांना वाचता येतेच. पेटीच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही घरून देऊ.

पालकांना विनंती अशी, की आपल्या घरी जी वडीलधारी माणसे गातात, त्यांचे शब्द मुलांकडून लिहवून घ्यावेत. शब्दांवर चाल लिहिता येत नाही, ती बरोबर बसून म्हणावी लागते. म्हणून त्याला उशीर करू नये.

आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आजी मुलांना पदे सांगतात. सध्या आमची दोन आणि शेजारची तीन अशी पाच मुले बसतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. येताना वही आणावी.