दोन तासं ओव्याची

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. सौ. छकुलीस,


तुझी थाइमच्या मधाची बरणी पोचली. तुझे दीर नांदेडहून पूर्णेला निघाले होते, वाटेत चुडाव्याला उतरले, चहासुद्धा न घेता बरणी हातात देऊन पुढच्या गाडीनं गेले. तू झाकणाला तीन पिशव्या गुंडाळल्या होत्यास, तरी थोडा मध पाझरलाच. बोट पुसायच्या आधी वास घेतला आणि वाटलं, फडताळातल्या ओव्याच्या डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलं की काय. उठून पाहून आले. डबा बंद होता.

चिठ्ठीत तू विचारलंयस, थाइमला मराठीत काय म्हणतात? काही म्हणत नाहीत. आपल्या रानात ते झाड नाही, मग नाव कुठून येणार? पण कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात त्याचाच एक रानटी भाऊबंद जमिनीला चिकटून पसरतो, आणि तिथली माणसं त्याला बनअजवायन म्हणतात. म्हणजे रानातला ओवा. दोन्ही झाडं कधी शेजारी ठेवून पाहिली नसतील, पण नाकानं बरोबर ओळखलं. युनानी हकीम ज्याला हाशा म्हणतात, तेही हेच. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे होता, गावोगाव हकिमांची औषधं चालायची. तेव्हा तुझ्या थाइमची वाळलेली पानं मराठवाड्यातल्या कुणा आजारी माणसाच्या काढ्यात उकळून गेलीही असतील. नाव मात्र मराठीत मुक्कामाला राहिलं नाही.

आता मास्तरीण बोलते, ऐकून घे. ओवा आणि थाइम एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. तसाच बारीक पानांचा, फुलोरा उलट्या छत्रीसारखा, पांढरा. थाइम तुळशीच्या कुळातलं. तुझ्या आईच्या गॅलरीत ती जाड, लवदार पानांची कुंडी आहे ना, जिच्या पानांची आपण भजी करतो आणि ओव्याची पानं म्हणतो, ती खरी तुळशीकडची. म्हणजे ती थाइमची चुलतबहीण, आणि डब्यातल्या ओव्याशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजीत तिला स्पॅनिश थाइम असंही म्हणतात. तिघांच्याही वासात मिळून येणारी वस्तू एकच, तिचं नाव थायमॉल. जर्मनीतल्या कास्पार नॉयमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १७१९ साली ती थाइमच्या तेलातून वेगळी काढली, म्हणून नाव थाइमचं लागलं. त्यानं ओवा हाती घेतला असता तर आज जगभर तिला ओवॉल म्हणाले असते! हसू नकोस. ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. म्हणून पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीतले कारखानदार थाइम सोडून आपल्याकडचा ओवा पोत्यांनी मागवायचे. १९१४ साली लढाई लागली, तो रस्ता बंद झाला आणि थायमॉलचे भाव कडाडले. तेव्हा अंकुशकृमींवर ते मोठं औषध होतं. पोटातले जंत मारायला आपली माय चिमूटभर ओवा गुळात घालून द्यायची आणि अमेरिकेतले डॉक्टर थायमॉलच्या पुड्या द्यायचे. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

किराणा दुकानात 'ओव्याचं फूल' माग, तर फूल मिळत नाही, पांढरे खडे मिळतात. तेच थायमॉल. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक खेळ करायचे. बशीत ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे, एकत्र ठेवायचे. पाणी नाही, विस्तव नाही, आणि बघता बघता तिन्हींचं पाणी. पोरं उठून पुढं यायची. याचंच अमृतधारा म्हणून औषध विकतात. पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळण्याचा अंश खाली येतो, एवढं फळ्यावर लिहून मी मोकळी व्हायचे, पण खोलीभर तो वास तासभर राहायचा आणि पुढच्या तासाचे गुरुजी नाक पुसत यायचे. ही बाटली तू मागवू नकोस. तान्ह्या बाळाच्या नाकापाशी कापूर न्यायचाच नसतो.

पण मी सांगणार होते ते वेगळंच. तुझ्या बरणीनं मला आपल्या बापूंच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या शेतात नेऊन उभं केलं.

तास म्हणजे तुला घड्याळातला माहीत. आमचं तास तिफणीचं, म्हणजे पेरणीची एक ओळ. ज्वारीच्या रानात मध्येमध्ये करडईची पाटं असायची, आणि बांधाच्या कडेला दोन तासं ओव्याची, दोन धन्याची. ती पीक म्हणून कुणी धरत नसे. ती मायची. तिथला दाणा बाजाराला जायचा नाही, वर्षभर घरात पुरवायचा आणि उरला तर शेजारी वाटायचा. पुसात ज्वारी हुरड्यात यायची तेव्हाच ओवा फुलायचा. हुरडा भाजायला बसलं की मागून त्या पांढऱ्या फुलांवर माशांची घूं घूं सतत. बांधावरच्या बाभळीत फुलोरीचं मोहोळ असायचं. फुलोरी म्हणजे अगदी लहान माशी. तिचं एकच पोळं, तळहाताएवढं, फांदीला लटकवलेलं, आणि मध सगळा वर फांदीच्या भोवती गड्ड्यासारखा. वडावरच्या आग्या माशीच्या वाटेला आम्ही जात नव्हतो. ते काम मोहोळ झाडणाऱ्यांचं, अमावास्येच्या रात्री, धुराचा पलिता घेऊन. फुलोरी मात्र बापू दिवसाढवळ्या काढत. फुंकर मारत, हळूच, जशी आई पोराच्या डोळ्यातला कण काढते. माशा बाजूला सरकल्या की फांदीवरचा गड्डा कापायचा, खालचं अंड्यांचं पोळं तसंच राहू द्यायचं.

त्या मधाला चव होती. आधी गोड, मग घशाशी पोचता पोचता एक चरचर. आम्ही पोरं त्याला तिखट मध म्हणत होतो. बापू म्हणायचे, ओव्याचं मोहोळ आहे, चरचरणारच.

आज विचार करते तर शंका येते. दोन तासांच्या ओव्यावर काही मोहोळ भरत नाही. शेजारी धने होते, करडई होती, बांधावर काय काय होतं, माशीनं सगळीकडचं आणलं असणार. शिवाय मधात थायमॉल असतंच किती? अगदी नगण्य. फुलाच्या मकरंदात जे थोडं उतरतं तेवढंच. तुझ्या बरणीवर कुणी 'औषधी' लिहिलं असेल तर ते विकणाऱ्याचं बोलणं समज. आणि तरी, आज सकाळी चमचाभर चाखला तेव्हा घशाशी चरचरलंच, आणि माझ्यातली मास्तरीण गप्प बसली.

ग्रीस देशाचं मला कौतुक एका गोष्टीचं वाटतं. अथेन्सजवळच्या हिमेटस डोंगराचा थाइमचा मध त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून नावानिशी मिरवला. व्हर्जिल नावाच्या रोमन कवीनं शेतीवर चार भागांचं काव्य लिहिलं, त्यातला चौथा मधमाश्यांवर, आणि त्यात थाइम आहे. आमच्या बांधावरच्या मोहोळाला बापूंनी दिलं तेवढंच नाव. महाबळेश्वरकडे जांभळाचा मध, हिरड्याचा मध असं झाडाच्या नावानं विकतात, तिथलं मांघर तर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. ओव्याचा मधही नावानं मिळतो, पण तो राजस्थान-माळव्याचा. तिकडं शेकडो एकर ओवा असतो, आणि पेट्यावाले ट्रकमधून पेट्या घेऊन मोहरीवरून ओव्यावर, ओव्यावरून पुढच्या फुलावर असे हिंडतात. रंग काळसर, वास उग्र. आणून पाहिला होता एकदा. तुझ्या मधापेक्षा तो मला जास्त आपला वाटला.

अजून एक गंमत. मधमाश्यांच्या अंगाला एक लाल गोचीड लागते, वरोआ म्हणतात तिला, अख्ख्या पेट्या संपवते. तिच्यावर पेटीत ठेवतात ते औषध कोणतं? थायमॉल. म्हणजे माणसाच्या बाळंतपणात धुरीला, बैलाच्या पोटफुगीला आणि माशीच्या गोचिडीला एकच वास. पोटफुगीचं तू पाहिलेलं नाहीस. हिरवा चारा जास्त झाला आणि बैलाची डावी कूस नगाऱ्यासारखी वाजायला लागली की बापू गोडेतेलात ओवा, हिंग कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजायचे आणि रात्रभर गोठ्यात बसायचे. पाटलाचा असो की सालगड्याचा, ओवा आमच्या घरून जायचा. रात्री-बेरात्री दार वाजलं की माय विचारायची, "माणसाला का जनावराला?" त्यावर मूठ ठरायची.

आता ती दोन तासं नाहीत. पावसाळ्यात सोयाबीन, ते निघालं की हरभरा, नाहीतर कापूस. सोयाबीनला माशीची फारशी गरज नाही, आणि फवारणी इतकी की माशीलाही सोयाबीनची गरज उरलेली नाही. करडई काट्यांमुळं गेली; काढायला माणूस मिळेना. हार्वेस्टरवाल्याला बांधाकडेची दोन तासं कशी सांगणार, बाबा एवढं सोडून वळव? बांधच मुळी कोरून कोरून दोन पावलांचे झालेत. दोष कुणाला देऊ, आपल्याच घरी मी कधी ओवा पेरा म्हणून भांडले नाही. पगार होता, पुडी विकत मिळत होती.

तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. एप्रिलमध्ये बाळ येईल. तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणून तू लिहिलंयस की हा मध बाळाला पहिल्या दिवशी चाटवायचा, सोन्याच्या अंगठीनं. चाटवू नकोस. आपल्याकडे सगळ्यांनी चाटवला, तुलाही मीच चाटवला होता, तरी सांगते. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. तुझ्यामाझ्या पोटात ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष करतात, बाळ लुळं पडतं. हा आजार डॉक्टरांनी १९७६ साली ओळखला. मध कितीही अस्सल असो, ग्रीसचा असो की बाभळीवरचा, गरम करूनही ते बीजाणू मरत नाहीत. सासूबाईंना म्हणावं, अंगठी नुसती ओठाला लावा, मध वर्षानंतर. त्या मायाळू आहेत, ऐकतील. नाही ऐकलं तर माझं नाव सांग.

ओवा मात्र तुझ्यासाठी, बाळासाठी नाही. बाळंतपणानंतर जेवण झालं की भाजलेला ओवा, बाळंतशोपा, तीळ, किसलेलं खोबरं, किंचित सैंधव, असं चघळायला ठेव. पोट गुबारत नाही. ओव्याचं पाणी दिवसभर थोडं थोडं. आत्ता पोटुशी असताना जेवणात पडतो तेवढा पुरे, काढे-अर्क काही घेऊ नकोस, आणि नंतरचंही तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालून ठेव. गवारीच्या भाजीत घाल, धपाट्यात घाल, बेसनाची कुठलीही वस्तू केलीस तर घालच. शेकायला तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी तुझ्या कमरेला. बाळाच्या छातीला आमच्या वेळी लावायचो. तू तुझ्या मनगटावर धरून बघ आणि मग ठरव, तान्ह्याची कातडी फार पातळ असते. राहिली धुरी. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची टरफलं. ती तू तुझ्या तिकडच्या, आइंडहोवनच्या घरी पाचव्या मजल्यावर केलीस तर आगीचा बंब येईल. नाही केलीस तरी चालतंय. धूर बाळाच्या छातीला बरा नाही, आणि अर्धी धुरी तर आयाबायांना खोलीत बसून गप्पा मारायला निमित्त होती. त्या गप्पा तू फोनवर मार.

आता माझी बातमी. आश्विनात परसात दोन तासं ओवा पेरला. तिफण नाही, खुरप्यानं रेघा मारल्या. सगळे हसले. उगवण विरळ झाली, पण संक्रांतीच्या आधी फुलला. पहिले चार दिवस एक माशी नाही. मी रोज सकाळी दहाला खुर्ची टाकून बसते, पेपर वाचते, आणि मध्येच बघते. परवा एक आली. काल मोजल्या, अकरा. फुलोरीच. कुठून येतात पाहायला कुंपणापर्यंत गेले, स्टेशनाच्या बाजूला उडाल्या, तिकडं कुठं तरी बाभळीत असेल. शोधायला कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की कुणी तरी काढणार.

फाल्गुनात ओवा काढून, वाळवून, झोडपून सुपानं पाखडीन. तुझी आई मार्चअखेर निघणार म्हणतेय, तेवढ्यात होईल. तुझा मध मी रोज चमचाभर घेते, तोवर बरणी संपेल. तीच धुऊन, उन्हात वाळवून, त्यात नवा ओवा भरून तिच्याबरोबर पाठवते. झाकणाला पिशव्या मीही गुंडाळीन, पण वास यायचा तो येणारच. विमानतळावर कुणी विचारलं तर तुझ्या आईला सांगून ठेव, गोंधळायचं नाही, थाइम म्हणायचं.

जावईबापूंना नमस्कार. पायाला सूज असेल तर उशी घेऊन झोप.

तुझी,
आत्या