कामरगावची विहीर

कारंजा तालुक्यातले कामरगाव. 1998 साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, कागदावरचे नाव बदलले. जमिनीच्या पोटातला काळा पाषाण मात्र तोच राहिला. वर काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण. या दगडाच्या अंगात पाणी फारसे मुरत नाही. ते राहते त्याच्या भेगांत.

एका कार्तिकात तिथल्या विहिरीवर गेलो. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्रभर मोटार चालली होती. सकाळी विहीर रिकामी आणि एका बाजूचे बांधकाम कपारीसकट आत आलेले! मालक म्हणाले, "साहेब, भरली होती तेव्हा काही झालं नाही, रिकामी झाल्यावर कशी ढासळली?" मोटार काढायला त्यांचा मुलगा दोर बांधून उतरत होता. आधी त्याला थांबवले.

भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक ओझ्याने एकमेकांवर दाबलेला असतो, म्हणून तो घसरत नाही. भेगेत पाणी भरले की ते दोन्हीकडे रेटते आणि पकड सैल पडते. भेग सुतासारखी बारीक असली, तरी तिच्यात 10 मीटर पाणी उभे राहिले की तळाशी दर चौरस मीटरला 10 टन रेटा बसतो. भरल्या विहिरीतले पाणी हा रेटा तोलून धरते. ते झपाट्याने उपसले, तर भेगेतले पाणी मागेच राहते आणि भिंतीला आत ढकलते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात कोयनेला घडली, असे शास्त्रज्ञ मानतात. धरण भरू लागल्यावर काही वर्षांनी, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. खोल खडकात ताण आधीच होता. भेगांत उतरलेल्या पाण्याच्या दाबाने त्याची पकड सुटली. पुढे अभ्यासासाठी तिथे 3 किलोमीटर खोल छिद्रही घेतले गेले. आपल्या विहिरीने भूकंप होत नाही, पण नियम एकच.

म्हणून शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यानंतर भरलेली विहीर एका दमात उपसू नका, टप्प्याटप्प्याने उपसा. बांधकामात पाणी झिरपायला भोके ठेवा. नाल्याचे पाणी काठापासून दूर वळवा. नवी भेग दिसली, तर आत कोणी उतरू नये.

दुपारी आणखी एक धोंडा सुटून मोटारीवर पडला. मोटार गेली, मुलगा काठावर आमच्याजवळ उभा होता.