रविवारची वंदना

नववर्ष उजाडते तेच धावपळीत. १ जानेवारीला आमच्या छत्रपती संभाजीनगरहून गाड्या भरून माणसे भीमा कोरेगावला जातात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब तेथे गेले होते. १४ जानेवारीला, १९९४ च्या नामविस्ताराच्या आठवणीने, विद्यापीठ गेटवर पाय ठेवायला जागा नसते. ऊर भरून येतो. पण रविवारी विहारात वंदनेला पाच-सात डोकी, त्यांतही म्हाताऱ्याच अधिक! यंदा आम्ही वस्तीतल्या घरांनी पाळी लावली. त्रिशरण-पंचशील, दहा मिनिटे आनापान, एखाद्या मुलाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे पान वाचायचे, मग चहा. दुसऱ्याच रविवारी एक आजी दिसल्या नाहीत. जाऊन पाहिले, तर तापाने फणफणलेल्या, मुलगा पुण्याला. आता त्यांचा डबाही पाळीतच आहे.