ऑइलचा हिशोब

आमच्या दारात उभी असलेली गाडी माझी नाही, भाईची आहे. भाई कुवेतला असतो. तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही जुनी पेट्रोल गाडी घेतली, सर्व्हिसिंग करून नवं ऑइल घातलं आणि परत जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "अब्बांना अलिबागला न्यायला-आणायला बरी पडेल. सांभाळ," एवढंच म्हणाला. अमानत हा शब्द त्याने उच्चारला नाही. भावाभावांत तो उच्चारावा लागत नाही.

मी गाडी सांभाळली, म्हणजे रोज वापरली. घरापासून रेवसची जेट्टी तीन किलोमीटर. सकाळी जेट्टीवर गाडी लावायची, लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं, कामावर जायचं. संध्याकाळी परत येऊन तीन किलोमीटर घरी. दिवसभर गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी. अधूनमधून अलिबाग. असं करत तीन वर्षं गेली आणि मीटर पाच हजारसुद्धा पुढे सरकला नाही.

भाई फोनवर विचारायचा, "ऑइल बदललंस?" मी म्हणायचो, "अरे, पाच हजार पण नाही झाले. पुस्तकात दहा हजार लिहिलंय." मला वाटायचं, मी त्याचे पैसे वाचवतोय. शिवाय मनात एक पळवाटही होती. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पूल होणार, मग गाडी लांब-लांब जायला लागेल, तेव्हा एकदाच काय ते काम करून घेऊ. हा पूल बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाचं, म्हणजे १९८०-८२ सालचं स्वप्न. त्याच्या भरवशावर ऑइल बदलणं पुढे ढकलणारा माणूस किती शहाणा असेल, हे तुम्हीच ठरवा.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अब्बांना दम लागायला लागला. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, अम्मी शेजारी बसल्या आणि मी अलिबागच्या दिशेने गाडी काढली. चोंढीच्या अलीकडे एका वळणावर समोर लाल दिवा लुकलुकला. चोचीच्या झारीचं चित्र असतं ना, तोच. वळण संपलं, दिवा विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला आणि आता विझेना.

त्या दिव्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. इंजिनात तेलाचा दाब उरलेला नाही, ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण मागे अब्बांचा श्वास ऐकू येत होता. मी आणखी किलोमीटरभर तशीच दामटली. मग बॉनेटखालून टकटक आवाज सुरू झाला. अब्बाच हळू आवाजात म्हणाले, "थांबव."

पावसात आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. बोडणीहून मासळी घेऊन निघालेला टेम्पो थांबला. चालवणाऱ्या कोळीदादाने काहीही न विचारता अब्बांना पुढच्या सीटवर घेतलं. अम्मी त्यांच्याजवळ दाटीवाटीने बसल्या आणि मी मागे बर्फाच्या खोक्यांवर. दवाखान्यात वेळेत पोचलो. अल्लाहचं करम, अब्बा चार दिवसांनी घरी आले. पण त्या खोक्यांवर बसून मी जो विचार करत होतो, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. मी कोणाचे पैसे वाचवत होतो आणि कशाच्या बदल्यात?

गाडी टोचन करून अलिबागच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने खालचा नट काढला. तीन लिटर तेल बसतं त्या इंजिनातून दीड लिटरही निघालं नाही, आणि निघालं ते काकवीसारखं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चहाच्या सायीसारखा थर होता. मला वाटलं, हेड गॅस्केट गेलं आणि रेडिएटरचं पाणी तेलात शिरलं. त्याने कूलंट तपासलं, ते जागच्या जागी होतं. तळाचा चेंबर उतरवल्यावर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी दिसली. अर्धी काळ्या चिखलाने भरलेली. आधीच तेल कमी, त्यात जाळी तुंबलेली. वळणावर होतं तेवढं तेल एका बाजूला सरकलं की पंपाला हवाच मिळायची. इंजिन वाचलं, बिल अठरा हजार झालं. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलला असता तर वर्षाला अडीच-तीन हजारांत काम भागलं असतं.

मग ते पाणी आलं कुठून? हे मला मामूंनी समजावलं. मामूंची सगळी नोकरी लाँचवर गेली. लाँचवर सुकाणू धरतो तो सारंग आणि इंजिन सांभाळतो तो ड्रायव्हर. मामू ड्रायव्हर होते. मी म्हटलं, "मामू, पाच हजार किलोमीटरमध्ये तेल कसं खराब होईल?"

ते हसले. "लाँचला किलोमीटर कुठे असतात रे? आम्ही तास लिहायचो."

त्यांच्या वहीत इंजिन चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि खाली एकूण तास असायचे. अडीचशे तास भरले की तेल बदली. ओहोटीला रेवसच्या गाळात पाणी कमी पडलं आणि लाँच बाहेर खोळंबली, तरी इंजिन चालू असेल तर तो वेळही धरायचा. बोट जागची हलली नाही म्हणून तेलाची झीज थांबत नाही.

हाच हिशोब मोटारीला लावून बघा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे साधारण १६७ तास. मुंबईच्या गर्दीत ताशी २० ची सरासरी धरली, तर तेच दहा हजार किलोमीटर म्हणजे ५०० तास. मीटरवर आकडा एकच, पण इंजिनाने तिप्पट मेहनत केलेली. सिग्नलवर, टोलनाक्यावर, शाळेबाहेर इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, तर मीटरला त्याचा पत्ताही नसतो.

माझं दुखणं मात्र निराळं होतं. माझे तासही फार नव्हते. मामू म्हणाले, "तुझी गाडी कधी तापतच नाही." पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास नीट गरम राहिलं, तर हे दोन्ही उडून जातं. तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन कोमट होतं न होतं तोच मी ते बंद करायचो. वाफेचं पाणी व्हायचं आणि तेलातच राहायचं. त्यात आपल्याकडची दमट हवा. तेलात गंज आणि आम्ल यांना आवरणारी, मळ धरून ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू संपतात. ती संपली की मळ तळाशी बसायला लागतो आणि त्याचा तो काळा चिखल होतो.

घरी येऊन गाडीचं पुस्तक पुन्हा उघडलं. दहा हजार किलोमीटर हा आकडा मी वाचला होता, त्यापुढचं वाचलं नव्हतं. 'किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते.' पुढे एक छोटा तक्ता होता, खडतर वापर असेल तर ही मुदत आणखी कमी करा, असं सांगणारा. खडतर म्हणजे लडाखला जाणारे किंवा ट्रेलर ओढणारे, असा माझा समज. यादीत धूळ होती, जास्त वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं होतं, आणि जवळजवळच्या छोट्या फेऱ्याही होत्या. म्हणजे जेट्टीपर्यंत हळूहळू गाडी नेणारा मी त्या यादीतला निघालो.

तर ऑइल कधी बदलायचं? आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपल्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐकायचं. जुन्या गाड्यांना बहुधा पाच हजार सांगितलेले असतात. गर्दीतली किंवा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांची गाडी असेल तर मुदत निम्मी धरावी. मी आता सहा महिने धरतो. प्रत्येक वेळी फिल्टरही बदलायचा, नाहीतर नव्या तेलात जुना मळ मिसळतो. ग्रेड पुस्तकात दिलेलीच वापरायची. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती दाट राहतं ते. दाट तेल म्हणजे चांगलं तेल, हा समज चुकीचा आहे.

आणि काळं तेल म्हणजे खराब तेल, हेही तितकंसं खरं नाही. डिझेल गाडीत नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी आपल्या अंगावर घेतं. ते त्याचं कामच आहे. रंग बघून तेल बदलणारा फसतो आणि रंग बघून न बदलणाराही फसतो.

दुसऱ्या टोकाचीही माणसं असतात. दर तीन हजारांना तेल बदला, वरून हे औषध टाका, इंजिन धुऊन घ्या, असं सांगणारे. अमेरिकेत दर तीन हजार मैलांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या आसपास तेल बदलायची जुनी सवय आहे. इंजिनं आणि तेलं सुधारली, सवय तशीच राहिली. वाहत्या नदीकाठी वुजू करत असलो तरी पाणी जपून वापरावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. चांगलं तेल उगाच फेकणं हाही इसराफच. कारण ते फेकलेलं तेल कुठेतरी जातं. मामू सांगतात, पूर्वी जळकं तेल सर्रास खाडीत ओतलं जायचं. ज्या पाण्यात जाळी लागतात, ज्या किनाऱ्यावर जवळा सुकतो, तिथे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. मी आता माझं तेल कॅनमध्ये भरून, अधिकृत गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. गटारात नाही, कुंपणाच्या लाकडाला फासायलाही नाही.

अब्बा घरी आल्यावर मी त्यांना हे सगळं सविस्तर सांगितलं. तास, वाफ, आम्ल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जकात कशी काढतोस?"

मी म्हटलं, "वर्ष झालं की."

"पैसा वापरला म्हणून काढतोस की नुसता पडून होता म्हणून?"

मी गप्प बसलो. निसाबाइतका पैसा पेटीत पडून राहिला तरी वर्ष पूर्ण होताच त्यावर हक्क लागू होतो. मी हात लावला नव्हता, हे सांगून सुटका नाही. अब्बा म्हणाले, "रमजानमध्ये हिशोबाला बसतोस तेव्हा गाडीचाही कागद जवळ घेत जा." चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी लहान असतं, तेव्हा तेल थोडं आधीच बदललं जाईल. त्याने काही बिघडत नाही. एक रमजानमध्ये आणि एक त्यानंतर सहा महिन्यांनी, असं आता ठरून गेलंय.

शिवाय दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी गाडी ठेवून काडी बघतो. काडी ओढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मधे हवं. खालच्या खुणेच्या जवळ आलं तर थोडं भरायचं. वरच्या खुणेच्या पुढे कधीच नाही, कारण जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. दोन मिनिटांचं काम. तीन वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. केलं असतं तर तेल कमी झालेलं तेव्हाच कळलं असतं. महिन्यातून एकदा अब्बांना घेऊन पोयनाडपर्यंत जाऊन येतो, इंजिन नीट तापावं म्हणून. अब्बांना वाटतं त्यांना फिरवायला नेतोय. तेही खरंच आहे.

भाईला फोन करायला मला आठवडा लागला. अठरा हजार मी भरले होते, ते सांगायचं नव्हतं. लाल दिवा लागल्यावरही किलोमीटरभर गाडी दामटली, ते सांगायचं होतं. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "अब्बांनी औषध घेतलं आज?"

"घेतलं," मी म्हटलं.

"आणि ऑइल?"

"तारीख लिहून ठेवलीय, काचेवर."